ग्राफिटीवरून म्युरल आणि कॅनव्हासकडे: सोलापूरच्या भिंती, सोलापूरचं ऊन आणि कामाचा क्रम

स्प्रे कॅनवर हात बसलेल्या पोरांना पैशाचं पहिलं काम मिळतं ते बहुतेक शाळेच्या कंपाउंडचं, नाहीतर एखाद्या कॅफेच्या भिंतीचं. चित्र झकास होतं, फोटो सगळीकडे फिरतात. एक पावसाळा जातो आणि खालच्या दोन फुटांना पोपडे येतात, लाल रंग गुलाबी पडतो, मालकाचा फोन येतो. हात चांगला असूनही हे होतं, कारण कामाचा क्रम चुकलेला असतो. ग्राफिटीत भिंत मिळेल तशी घ्यायची आणि रात्रीत काम उरकायचं अशी सवय लागते. म्युरलमध्ये, म्हणजे भिंतीवर ठरवून काढलेल्या मोठ्या चित्रात, निम्मं काम डब्याचं झाकण उघडण्याआधी होतं. कॅनव्हासवर तर ती घाई आणखी उघडी पडते. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्या, पुढचा आधी आणि मागचा नंतर असं करू नका.

टप्पा १: भिंत कुणाची, ते आधी कागदावर आणा

खासगी भिंत असेल तर मालकाचं सही केलेलं पत्र घ्या. भाडेकरूचा होकार चालत नाही. दुकान चालवणारा एक आणि गाळ्याचा मालक दुसरा, हे नवी पेठेसारख्या भागात नेहमीचंच. सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव मागा. महापालिकेची शाळा, पूल, बागेची भिंत यांना महापालिकेची लेखी परवानगी लागते. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागांना लागू होतो. म्हणून मालक राजी असला तरी भिंत रस्त्यावर येत असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज देऊन विचारून घ्या आणि पोच सांभाळा. अर्जात ठिकाण, माप, कामाच्या तारखा आणि चित्राचा छोटा नमुना द्या. काम चालू असताना झेरॉक्स खिशात असू द्या.

इशारा: भुईकोट किल्ल्याची तटबंदी किंवा जुन्या मंदिरांचं, दर्ग्यांचं दगडी बांधकाम यांचा विचारच सोडा. काळ्या दगडाच्या बारीक छिद्रांत गेलेला रंग निघत नाही, आणि खरवडायला गेलं तर दगडाचा वरचा थर सोबत येतो.

टप्पा २: भिंत तपासा, दर नंतर सांगा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा. भिंतीजवळ दोनदा जा. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी तीनच्या उन्हात. सोबत चिकटपट्टी, पेन्सिल, एक नाणं आणि प्लास्टिकचा जाड कागद न्या.

पहिली तपासणी बोटाची. बोट ओलं करून भिंतीवर दोन-तीन वेळा घासा. बोटावर पांढरी लेई आली तर वरचा थर चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा आहे. अशा थरावर कितीही महागाचा रंग लावला तरी तो भिंतीला चिकटत नाही, त्या भुकटीला चिकटतो आणि भुकटीसकट गळून पडतो. हा थर पूर्ण घासून काढणं हे वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे होतात.

दुसरी चिकटपट्टीची. वीतभर पट्टी जुन्या रंगावर घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे चिकटून आले तर जुना रंग सुटत चालला आहे.

तिसरी कानाची. नाण्याने भिंत वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. भरीव आवाज आला तर ठीक. मध्येच पोकळ, ढबढब आवाज आला की तिथे गिलावा विटेपासून सुटला आहे. त्या जागेभोवती पेन्सिलने गोल काढा. तो भाग फोडून पुन्हा गिलावा करावा लागेल आणि ते गवंड्याचं काम आहे.

चौथी ओलीची. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला सीलबंद करा, रात्रभर राहू द्या. सकाळी आतून थेंब दिसले किंवा प्लास्टिकखालची भिंत गडद झालेली दिसली तर भिंत आतून ओली आहे. हा तुकडा जमिनीपासून फूटभर वर लावा. छातीच्या उंचीवर लावला तर कोरडीच दिसेल, कारण ओल खालून चढते. पांढरी, मिठासारखी पूड दिसली तर लोणा लागलेला आहे. त्यावर प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारून तो झाकला जात नाही. पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करावं लागतं. फुटकी गटार, गळका पाईप, भिंतीला टेकलेली मातीची भर ही नेहमीची ठिकाणं.

पाचवी भेगांची. सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कमी खोलीच्या पायावर उभी कंपाउंड भिंत तिच्यासोबत हलते. म्हणून भेग मेलेली आहे की चालू आहे हे बघावं लागतं. भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. महिन्याभराने रेघेची दोन टोकं सरकलेली दिसली तर भेग चालू आहे. अशा भेगेवर चेहरा किंवा अक्षर आणू नका. आकृत्यांची मांडणीच अशी करा की भेग दोन आकारांच्या सीमेवर पडेल.

खूण: या पाचही तपासण्यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि मालकाला पाठवा. पुढे वाद झाला तर हेच कामाला येतात.

टप्पा ३: दर आणि करार

चौरस फुटाचा एकच दर सांगणं ही घाईची सवय आहे. खर्च तीन भागांत मांडा: भिंतीची दुरुस्ती, सामान आणि परांची, आणि तुमचं काम. सामानाचा अंदाज असा काढा. भिंत ३० फूट लांब आणि १२ फूट उंच असेल तर ३६० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचं इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) दोन हातांत लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं, म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीला सहा-सात लिटर. हीच भिंत पूर्ण स्प्रेने झाकायची म्हटली तर ४०० मिलीचा कॅन १५ ते २० चौरस फुटांत संपतो. वीस-पंचवीस कॅन लागतील आणि तरी थर पातळच राहील. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की रोलर आणि ब्रश शिकणं का टाळता येत नाही ते कळतं.

आता करार. बहुतेकांना हे माहीत नसतं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ठरतो. उद्या त्याने तुमचं म्युरल पिशव्यांवर किंवा पाकिटांवर छापलं तर अडवणं अवघड जाईल. करारात एक ओळ लिहून घ्या: कॉपीराइट कलाकाराकडे राहील, मालकाला भिंतीवर ठेवण्याचा आणि प्रसिद्धीसाठी फोटो वापरण्याचा हक्क राहील. याशिवाय कलम ५७ नुसार चित्रावर तुमचं नाव असण्याचा आणि त्याची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क वेगळा आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या भित्तिशिल्पासाठी शिल्पकार अमरनाथ सहगल कोर्टात गेले होते आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

करारात आणखी काय हवं: पाणी, वीज आणि परांची कुणाची, बदल किती वेळा, किती महिन्यांपर्यंतची दुरुस्ती तुमच्याकडे. ॲडव्हान्स सामानाच्या पूर्ण खर्चाइतका तरी असावा. स्वतःच्या खिशातून सामान आणून काम सुरू करू नका.

टप्पा ४: हंगाम आणि वेळ धरा

दसऱ्यानंतर, पाऊस उघडला की काम सुरू करावं आणि फेब्रुवारीअखेर संपवावं. सोलापुरात सप्टेंबरमध्येही जोराचा पाऊस पडतो. गणपती गेले म्हणजे पाऊस गेला असं धरू नका. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत दुपारी हात ठेवता येणार नाही इतकी तापते. तापल्या भिंतीवर इमल्शनचं पाणी लगेच उडतं, थर नीट जमत नाही, रोलरच्या पट्ट्या दिसतात. पश्चिमेची भिंत सकाळी रंगवा, पूर्वेची दुपारनंतर.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर परांची उभी ठेवायची सोय नसते, तेव्हा त्या भागातलं काम डिसेंबरात तरी उरका नाहीतर यात्रेनंतर घ्या.

इशारा: स्प्रे कॅनवर लिहिलेलंच असतं की ५० अंशांच्या वर नेऊ नका. उन्हात लावलेल्या गाडीची डिकी किंवा पत्र्याचं शेड उन्हाळ्यात त्याच्या पुढे जाऊ शकतं. कॅन ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवा.

टप्पा ५: भिंत तयार करा

क्रम असा: खरवडणं, फोडलेल्या जागी गिलावा, भेगा भरणं, घासकाम, धुणं, सुकवणं, प्रायमर. नवीन गिलाव्याला निदान महिनाभर द्या. ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो, लाल-पिवळे तर ठिपक्या-ठिपक्यांनी उडतात. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा गिलाव्यावर मारायचं आणि भिंत धुवायचं पाणी आधीच टाकीत भरून ठेवायला मालकाला सांगा. बोअरचं खारं पाणी रंगात मिसळू नका.

पुट्टीबद्दल माझं मत ठाम आहे. बाहेरच्या भिंतीला सरसकट पुट्टी लावू नये. खड्डे आणि भेगा तेवढ्या व्हाइट सिमेंटच्या पुट्टीने भरा, बाकी गिलाव्याचा खरखरीतपणा तसाच राहू द्या. त्यावर रंग पकड धरतो. खोलीच्या आतली ॲक्रिलिक पुट्टी बाहेर वापरली तर पहिल्याच पावसात ती फुगते. घासताना धुळीचा मास्क लावा.

प्रायमर बाहेरच्या सिमेंट भिंतीचाच घ्या. चकाकी हवी म्हणून ऑइल पेंट वापरणारे अजून दिसतात. सिमेंटचा क्षार तेलाचा साबण करतो आणि रंग कातड्यासारखा सुटतो.

खूण: प्रायमर सुकल्यावर तळहात फिरवा. हाताला पांढरं लागता कामा नये. लागलं तर पुढे जायचं नाही.

टप्पा ६: चित्र भिंतीवर उतरवा

मनातून सरळ भिंतीवर, ही सवय इथे सोडावी लागते. कागदावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट या मापात चित्र पक्कं करा. मग भिंतीवर लेव्हल पाईपने आडवी पातळी काढा, ओळंब्याने उभी. कंपाउंडच्या वरच्या काठावर विश्वास ठेवू नका, तो बहुधा सरळ नसतो. सुताला काव लावून दोन फुटांचे चौकोन मारा. दोघांनी सूत ताणून धरायचं आणि मधून एकदाच उचलून सोडायचं. दुसऱ्यांदा सोडलं की दोन रेघा उमटतात. जुने बोर्ड पेंटर हे काम डोळे मिटून करतात. शहरात अजून असे कारागीर आहेत, आठवडाभर त्यांच्या हाताखाली काम करा. अक्षराचा काठ ब्रशने कसा ओढायचा हेही तिथेच शिकता येईल.

चौकोन नको असतील तर भिंतभर पातळ रंगाने वेड्यावाकड्या खुणा करा, फोटो काढा आणि मोबाईलवर त्या फोटोवर आपलं चित्र अर्धपारदर्शक ठेवा. कुठल्या खुणेजवळून कुठली रेघ जाते ते दिसतं. ग्राफिटीच्या हाताला ही रीत लवकर जमते. प्रोजेक्टर अरुंद गल्लीत निरुपयोगी ठरतो, मागे सरकायला जागाच नसते.

बाह्यरेषा झाली की रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा. सात रस्त्यासारख्या चौकात माणूस तुमचं चित्र गाडीवरून, काही सेकंद बघणार. बारीक काम फक्त डोळ्यांच्या उंचीला ठेवा.

खालचा दीड फूट गडद, एकरंगी पट्टा ठेवा. तिथे चिखल उडतो, पिचकाऱ्या पडतात, ओल चढते. तो पट्टा दरवर्षी एका डब्यात पुन्हा रंगवता येतो, चित्राला हात न लावता.

टप्पा ७: रंग चढवा

वरून खाली, मागून पुढे, मोठ्याकडून लहानाकडे. मोठे आकार इमल्शनने, दोन पातळ हात. स्प्रे शेवटी: फेड (हळूहळू विरत जाणारी छटा), कडांवरचा उजेड, धूसर सावल्या. इमल्शनला निदान एक पूर्ण दिवस सुकू द्या आणि आधी कोपऱ्यात स्प्रे मारून बघा. कच्च्या इमल्शनवर स्प्रेचं सॉल्व्हंट बसलं की पृष्ठभाग सुरकुततो आणि ती सुरकुती नुसत्या घासकामाने जात नाही, तो थर काढावाच लागतो.

रंग निवडताना ऊन ध्यानात ठेवा. गेरू, काव, पिवळी माती अशा ऑक्साइड रंगांना, थॅलो निळ्या-हिरव्याला आणि काळ्याला काही होत नाही. फ्लुरोसंट रंग काही महिन्यांत उडतात. स्वस्त लाल आणि जांभळे त्यांच्या मागोमाग. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनरच्या (मिसळायच्या घट्ट रंगाच्या) ट्यूबा पिळून गडद रंग बनवू नका. ठरल्या प्रमाणापेक्षा जास्त स्टेनर पडला की थर नीट सुकत नाही. दुकानात मशीनवर बाहेरच्या भिंतीची शेड करून घ्या आणि तिचा कोड वहीत लिहा. दुरुस्तीला तोच लागतो.

इशारा: परांचीच्या फळ्या बांधलेल्या हव्यात, नुसत्या टेकवलेल्या नकोत. महावितरणच्या तारा हाताच्या अंतरावर असतील तर काम थांबवा आणि आधी त्यांना कळवा. स्प्रेच्या वाफेला धुळीचा मास्क किंवा रुमाल अडवत नाही. कार्बन फिल्टरचा, दोन डब्यांचा रेस्पिरेटर घ्या. पहिल्या ॲडव्हान्समधून आधी हाच आणा.

टप्पा ८: कॅनव्हासची तयारी

खोली अशी बघा जिथे वारा आरपार जातो आणि उत्तरेचा उजेड येतो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात ॲक्रिलिक पॅलेटवरच सुकतं. स्प्रे खोलीत मारायचा नाही. गच्चीवर, वारा पाठीमागून घेऊन मारायचा.

सोलापुरात कापड मुबलक, म्हणून लूमवरचं सुती कापड आणून ताणायचा मोह होतो. चालतं, पण दोन अटी आहेत. एक, वीण घट्ट हवी. कापड उजेडात धरा, जाळीतून उजेड ठिपक्यांनी दिसला तर ते परत द्या. टॉवेलचं आणि चादरीचं कापड यात बसत नाही. दोन, लूमच्या सुताला खळ दिलेली असते. ती गरम पाण्याने दोनदा धुऊन काढा, नाहीतर जेसो (कॅनव्हासचा प्रायमर) आत मुरत नाही आणि खळीला कीड लागते. धुतल्याने कापड आटतं, ते ताणण्याआधी आटलेलं बरं.

ताणताना चारही बाजूंच्या मधोमध आधी पिना मारा, मग कोपऱ्यांकडे जा. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापड तिरकं ओढलं जातं. जेसोचे तीन पातळ हात, एक उभा, पुढचा आडवा, मध्ये बारीक पॉलिश पेपर.

टप्पा ९: हात बदला

इथे लोक छोट्या कॅनव्हासपासून सुरुवात करतात आणि अडकतात. ग्राफिटीची रेघ खांद्यातून येते. फूटभर कॅनव्हासवर ती मनगटात कोंडली जाते आणि चित्र आखडतं. पहिले कॅनव्हास तीन बाय चार फुटांचे घ्या, उभे लावा, उभं राहून रंगवा. मग हळूहळू आकार कमी करा.

पहिले काही महिने फक्त काळा, पांढरा आणि एक रंग ठेवा. स्प्रेचा फेड आपोआप मऊ होतो, ब्रशने तोच उतार स्वतः बांधावा लागतो. उजेडापासून अंधारापर्यंत पाच पायऱ्यांची पट्टी रोज एकदा रंगवा. पायऱ्यांमधली झेप डोळ्यांना सारखी दिसेपर्यंत पुढचं घेऊ नका.

कॅनव्हासवर स्प्रे मारायचा असेल तर कापडामागे प्लायचा तुकडा टेकवा. ताणलेलं कापड कॅनच्या झोताने थरथरतं आणि रेघेचा काठ फाटतो. जवळून बघा: भिंतीवर दोन इंचांवरून मारलेली रेघ कडक येते, कॅनव्हासवर तेवढ्याच अंतरावरून तिच्याभोवती बारीक ठिपक्यांची धूळ बसते. कॅनच्या तोंडाला बारीक कॅप लावा, झोत सुरू करून मग कापडावर आणा आणि कापडाबाहेर गेल्यावरच बोट उचला.

आणि विषय. स्वतःचा टॅग, म्हणजे ग्राफिटीतली नावाची सही, कॅनव्हासवर मोठा करून विकायला ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक मला वाटते. टॅगला जोर येतो जागेमुळे, रस्त्यामुळे. कॅनव्हासवर तो जोर येत नाही. तुमच्याकडे अक्षराची रचना आहे, ती घ्या. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं शेजारी-शेजारी राहतात. शिरोरेषेला टांगलेलं अक्षर, तेलुगूची गोलाई आणि उर्दूचा उतार यांच्या रेघा पूर्णपणे वेगळ्या चालतात. एवढ्यावर दहा चित्रांची मालिका उभी राहते. एकच विषय धरून दहा चित्रं करा, दहा विषयांवर एकेक करू नका.

टप्पा १०: थर, वार्निश, कागदपत्रं

ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर ॲक्रिलिक कधीच नाही. ऑइलमध्ये खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं की वरचा थर आधी आवळतो आणि तडकतो. ॲक्रिलिकला दोन आठवड्यांनी वार्निश लावता येतं. जाड ऑइलला सहा महिने ते वर्ष थांबा.

चित्र पूर्ण झालं की मागे पेन्सिलने लिहा: नाव, वर्ष, माप, कापड, कुठले रंग, वार्निश कुठलं. समोर सही छोटी आणि वाचता येईल अशी. सावलीत, सरळ समोरून फोटो काढा.

कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आणि मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी, दोन्हीकडे अर्ज करताना चित्रांचे फोटो, मापं आणि माध्यमाची माहिती मागतात. जहांगीरला तारीख मिळायला बराच काळ जातो, म्हणून मालिका अर्धी झाली की अर्ज टाका. कॅनव्हास रेल्वेने किंवा बसने पाठवायचा असेल तर रंगाच्या बाजूला आधी बटर पेपर, मग बबल शीट लावा. बबल शीट सरळ रंगावर आली आणि पार्सल उन्हात राहिलं तर तिचे गोल ठसे चित्रावर कायमचे उमटतात.